आमचा वस्ताद पायानंच मारतो

कोल्हापूरचे माझे काका पेठांचा फुटबॉल चाळीस वर्षं बघत आलेत. पाटाकडील आणि शिवाजी हे संघ समोरासमोर असले की त्या दिवशी घरात जेवायच्या वेळेला काही अर्थ उरत नाही. मी अमेरिकेतल्या आयोवातून फोन करून इथल्या कॉलेज फुटबॉलचं सांगायला लागलो की त्यांचं ठरलेलं असतं, "हातात धरून पळत्यात, मग फुटबॉल कशाला म्हणायचं रे?"

"काका, आमचा वस्ताद पायानंच मारतो."

हे नीट सांगायला पाहिजे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं असतं. तीन फसले की चौथ्याला चेंडू लाथेनं लांब उडवून समोरच्याला देऊन टाकायचा, त्याला पंट म्हणतात. बाकीच्या कोचना त्यात कमीपणा वाटतो. आयोवाच्या संघाचा कोच कर्क फेरेन्ट्झ, त्याचं ते हत्यार आहे. हा गडी 1999 पासून इथं आहे, पहिल्या हंगामात एक जिंकला आणि दहा हरला, तरी टिकला. 2022 चा पहिला सामना आम्ही साउथ डकोटा स्टेटशी 7-3 असा जिंकलो, त्यात आमचा टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) एकही नाही. एक फील्ड गोल (लाथेनं खांबांमधून मारलेला चेंडू, तीन गुण), आणि समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागं दोनदा चेपून मिळालेले दोन-दोन गुण. त्या काळात आमचा हिरो होता पंटर, मेलबर्नहून आलेला टोरी टेलर. ‘पंटिंग इज विनिंग’ असं छापलेले टीशर्ट निघाले होते. माझ्याकडं एक आहे.

ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दरवर्षी वाद होतो की बिग टेनमधला भारी कोच कोण. (ही कॉलेज संघांची लीग. नाव बिग टेन, संघ अठरा. आपल्याकडच्या शिवाजी पेठेत तरी फक्त शिवाजीचेच लोक राहतात का?) एक सहकारी ओहायो स्टेटचा, दुसरा इंडियानाचा, आणि मी. ते दोघं करंडक मोजतात. मी विचारतो, खुराक कुणी घातला?

ओहायो स्टेटच्या रायन डेच्या तालमीत पोरं येतात तीच तयार होऊन. देशातली निवडक पोरं दरवर्षी तिथं, कोलंबसला जातात. 2024 च्या हंगामाअखेर त्याचा हिशेब होता 70 विजय, 10 पराभव. यावर कुणी काय बोलणार? पण त्या दहातले चार मिशिगनकडून, आणि तेही ओळीनं. चौथा तर घरच्या मैदानावर, 13-10, सहा सामने जिंकून आलेल्या साधारण मिशिगनकडून. सगळं ओहायो त्याला हाकलायला निघालं होतं. दोन महिन्यांच्या आत त्यानं टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि नोत्र दाम यांना लोळवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मला त्याच्यातलं आवडतं ते वेगळंच. लहान कॉलेजात क्वार्टरबॅक (पास देणारा, डाव चालवणारा) असताना तो ज्याच्याकडून शिकला, तो चिप केली नावाचा कोच त्या वर्षी एका मोठ्या संघाचं मुख्य कोचपद सोडून याच्या हाताखाली आला. गुरूला हाताखाली घ्यायला आणि गुरूनं यायला, दोघांनाही छाती लागते.

फेरेन्ट्झकडं तसली पोरं येत नाहीत. मूळचा तो ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे आक्रमणातल्या पुढच्या फळीचा कोच, धिप्पाड पोरांना चार-पाच वर्षं घासून घडवणारा. आयोवा कुस्तीचं राज्य आहे, ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या डॅन गेबलचं. फेरेन्ट्झनं घडवलेला ट्रिस्टन वर्फ्स माझ्या घरापासून जवळच्या माउंट व्हर्ननचा, शाळेत राज्याचा कुस्ती चॅम्पियन, पुढं एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या फेरीत गेला. काकांना हे सांगितल्यावर मात्र ते गप्प ऐकत बसले.

आणि वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात ना, तो मी बघितलाय. 2017 ला ओहायो स्टेट आमच्या किनिक स्टेडियमवर आलं होतं. फील्ड गोलचा बहाणा करून सगळी फळी विचित्र पांगवली, आणि ज्या पोराचं काम फक्त चेंडू मागं टाकायचं, त्या लाँग स्नॅपरलाच पास दिला. 55-24 जिंकलो. अजून अंगावर काटा येतो.

पण पोराचं प्रकरण मला पटलं नाही. फेरेन्ट्झचा मुलगा ब्रायन आक्रमणाचा प्रमुख. गुण होईनात, तेव्हा 2023 ला त्याच्या करारात अट घातली की सामन्याला सरासरी 25 गुण झाले पाहिजेत, त्यात बचावफळीनं केलेलेही धरून! झाले साडेपंधराच्या आसपास. हंगाम संपायच्या आधीच पोराला जायला सांगितलं. संघ मात्र दहा सामने जिंकला. काका म्हणाले, "तालीम चांगली हाय, पोरगं गादीवर बसवायला नको हुतं."

आता इंडियाना. 2023 ला तीन विजय, नऊ पराभव. आजवरच्या पराभवांच्या यादीत हे कॉलेज देशात वरच्या नंबरात. तिथं कर्ट सिग्नेटी आला. या माणसानं पन्नाशीच्या उंबरठ्यावर अलाबामातली नामांकित कोच निक सेबनच्या हाताखालची नोकरी सोडून, कमी पगारात, वडिलांनी जिथं कोचिंग केलं होतं ते दुसऱ्या दर्जाचं छोटं कॉलेज धरलं होतं. इंडियानाला येताना आधीच्या जेम्स मॅडिसन कॉलेजातली डझनभर पोरं घेऊन आला. मी हसलो होतो. ही काय तालीम? भाड्याचे मल्ल!

27 सप्टेंबर 2025 ला हेच भाड्याचे मल्ल किनिकवर आले. पहिला क्वार्टर संपला, नेहमीसारखे सगळे उभे राहून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलच्या खिडक्यांकडं हात हलवले. 13-13 वर दीड मिनिट राहिलं आणि त्यांचा क्वार्टरबॅक मेंडोझानं सॅरॅटला टचडाउनचा पास दिला. 49 यार्ड. मेंडोझा कॅलिफोर्नियाहून आणलेला, सॅरॅट जेम्स मॅडिसनमधनं. आमचा त्या वर्षीचा क्वार्टरबॅकसुद्धा साउथ डकोटा स्टेटहूनच आणलेला होता, म्हणून मला तोंड उघडायची सोय नव्हती.

पुढच्या जानेवारीत राष्ट्रीय फायनलला इंडियानावाल्या सहकाऱ्याच्या घरी होतो. समोर मियामी, इंडियानाची आघाडी फक्त तीन गुणांची, चौथा प्रयत्न, अजून चार यार्ड पाहिजेत. सिग्नेटीनं फील्ड गोलवाले मैदानात पाठवले. मग टाइमआउट घेतला आणि त्यांना परत बोलावलं. मी सोफ्यावरनं उठून ओरडलो, "अरे मार ना! तीन गुण घे!"

मेंडोझा मधनंच घुसला, मार खात, गोलरेषेवर झेपावला. टचडाउन.

खोलीतले सगळे नाचत होते. यजमान माझ्याकडं वळला, म्हणाला, तू मघाशी काय ओरडलास? मग त्याची नजर माझ्या टीशर्टवर गेली.