तुम्ही विचारलंत म्हणून: आधी शब्द की आधी चाल?

गणपती जवळ आले की कोल्हापुरात मंडळांसाठी गाणी लिहिणारी पोरं हमखास विचारतात, आधी शब्द लिहायचे की आधी चाल बांधायची? माझं उत्तर एकच: आधी ताल ठरवा.

समजा केरवा हा ताल घेतला. त्याच्या एका फेरीत, म्हणजे आवर्तनात, आठ मात्रा (ठोके). ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वार असलेलं किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात घेणारं अक्षरही दोनचं. आता बोटांवर मोजा. 'रंकाळ्याच्या काठावरती': आठ आणि आठ, दोन आवर्तनं पुरी. 'आता रंकाळ्याच्या काठी' हीसुद्धा सोळाच भरते, पण पहिलं आवर्तन 'रंका'वर संपतं आणि सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येते 'ळ्या'वर. बेरीज बरोबर, शब्द मात्र मधोमध तुटला. नवी गाणी बहुधा इथंच अडखळतात, कारण मात्रा मोजल्या जातात आणि यती, म्हणजे ओळीत थांबायची जागा, बघायची राहते. 'पंचगंगेच्या काठावरती' सतरा होते. जास्तीची मात्रा गायकाला 'च्या' आखडून रिचवावी लागते. अंतऱ्यात (कडव्यात) एखाद्या वेळी खपेल, ध्रुवपदात नको. ते पुन्हा पुन्हा येतं, प्रत्येक वेळी खटकतं.

चाल आधी सुचली असेल तर 'ल ला ल' म्हणत मोबाईलवर घ्या, लघु-गुरूंचा (एक आणि दोन मात्रांच्या अक्षरांचा) साचा कागदावर उतरवा, मग त्यात शब्द बसवा. लांबवायच्या सुरावर आ, ए, ओ ठेवा. तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, ई-ऊवर आवाज चिमटतो. 'फार' आणि 'लई' दोन्ही तीन मात्रांचे, पण 'फार' म्हणताना शेवटचा र मिटतो, सूर धरायला जागा उरत नाही. 'लई' मोकळा सुटतो, फक्त तो तार सप्तकात ठेवू नका. आपल्या बोलीचा हा मोठा फायदा आहे, तो घ्याच. फक्त एकदा 'लई' म्हटलंत की पुढच्या अंतऱ्यात 'अत्यंत' आणू नका.

येतो-जातो-गातो अशी क्रियापदांची यमकं टाळा. ती आयती मिळतात, म्हणून ओळीचा शेवट आधीच कळतो. नामावर यमक साधा.

गाणार कोण, पुरुष की बाई, हेही लिहिण्याआधी ठरवा. 'आलो'चं 'आले' केलं की जुळवलेलं यमक मोडतं. आणि प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ मात्रांना आणि यमकाला ध्रुवपदाशी जुळलीच पाहिजे, नाहीतर कोरसला परत फिरायची जागाच सापडत नाही.