एम.ए. एज्युकेशन केलं, मग बी.एड. का नाही?

परवा हळदीला, हातात वरण-बट्टीचं ताट असताना पुन्हा विचारलं गेलं. विचारणारे नात्यातले मामा, निवृत्त मुख्याध्यापक, आणि विचारलं आमच्या अहिराणी बोलीत. ‘एम.ए. एज्युकेशन करं, मंग बी.एड. काब्र नही करं? करी टाक माय, वय जाई ऱ्हायनं.’ शेजारच्या मावशींनी लगेच भर घातली की बिनबी.एड.चं एज्युकेशन म्हणजे लायसन नसलेला ड्रायव्हर. मी हसले आणि वांग्याची भाजी वाढून घेतली. ते हसणं आता पुरे झालं, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गैरसमज. एम.एड. वेगळं आणि एम.ए. वेगळं. एम.एड.ला आधी बी.एड.सारखं शिक्षक-प्रशिक्षण लागतं. एम.ए. शिक्षणशास्त्राला मी बी.एस्सी.वर गेले, दूरस्थ पद्धतीनं, दोन वर्षं. त्यात पाठ टाचण नाही, सूक्ष्म अध्यापन नाही, शाळेतली आंतरवासिता नाही. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मूल्यमापन, संशोधन पद्धती असे विषय. ती पदवी दाखवून शाळेत शिक्षिका होता येत नाही, हे मला प्रवेश घेतानाच माहीत होतं. कुणी फसवलेलं नाही.

बी.एड. न करण्याचं माझं ठरलेलं उत्तर असं: २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. ते संपवा, टीईटी ही पात्रता परीक्षा द्या, मग टेट ही भरतीची अभियोग्यता चाचणी द्या, सरकारच्या पवित्र या शिक्षकभरती पोर्टलवर पसंतीक्रम भरा आणि जाहिरातीची वाट बघा. लागलीच नोकरी तर तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पगार नाही, ठराविक मानधन. प्राथमिकला तेव्हा महिना सहा हजार मिळायचे. सोळा हजार झाले ते २०२३ मध्ये. शिवाय मला रस पहिली-दुसरीत, आणि सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२३ मध्ये सांगूनच टाकलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका हवी. बघा, मी वाचले की नाही?

हे उत्तर ऐकून लोक गप्प बसतात. पण त्यात लबाडी आहे. मी ठरवलं २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी जूनमध्ये एनसीटीईनं, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेनं, बी.एड.वाल्यांना प्राथमिकचं दार उघडलं होतं. म्हणजे माझ्यासमोर दार उघडं होतं, तरी मी आत गेले नाही. कोर्टाचा निकाल ही माझी पश्चातबुद्धी. पैशांचंही तसंच. वडील फी भरायला तयार होते, कापसाचे पैसे आले होते.

खरं कारण २०१६ चं आहे.

जूनमध्ये मी तालुक्याच्या गावातल्या एका विनाअनुदानित मराठी शाळेत लागले. महिना चार हजार, पाकिटात. डी.एड., बी.एड. काही नाही, आणि कुणी विचारलंही नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २३ शिक्षकाला ठरलेली पात्रता हवीच म्हणतं, ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पहिलीची पस्तीस मुलं माझ्या ताब्यात आहेत आणि साडी रोज इस्त्रीची हवी.

डिसेंबरात संस्थेचे एक संचालक वर्ग बघायला आले. मागच्या बाकावर बसले, गुडघे बाकाखाली मावेनात. मी चित्रांचा तक्ता काढला. आंबा, केळं, घर सगळं नीट झालं. मग लाल भोपळ्याचं चित्र. छडी त्यावर ठेवली आणि दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाकडे बोट केलं. सदरा त्याच्या मापाचा नव्हता, वरचं बटण गळ्यापाशी दोऱ्यानं शिवलेलं होतं. तो उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, ‘गंगाफळ शे!’

वर्ग हसला. संचालकही हसले. मी म्हटलं, ‘नीट बघून सांग.’ त्यानं नीट बघितलं. अगदी मान वाकडी करून बघितलं. ‘गंगाफळ.’ मी पुढे गेले, ‘भोपळा म्हण.’ तो म्हणेना. त्याला वाटत होतं मी त्याची परीक्षा घेतेय, चुकीचं नाव वदवून घेऊन फसवतेय. आता हे मला कळतं. तेव्हा मागच्या बाकावरचा माणूस दिसत होता. मी त्या मुलाच्या कानाखाली दिली.

रडला नाही तो. खाली बसला आणि ते दोऱ्याचं बटण चोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी आली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, आवाज अजिबात चढलेला नाही. ‘गंगाफळले गंगाफळ नही म्हनानं ते मंग काय म्हनानं, माय?’ मी तिला अगदी पुस्तकी मराठीत सांगितलं, ‘आजी, शाळेत आम्ही शुद्ध बोलायला शिकवतो.’ तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. ‘तू कथानी शे?’ मी म्हटलं, जळगावची.

मी बोरी नदीकाठच्या खेड्यातली. माझ्या घरात आजही कुणी भोपळा म्हणत नाही. गंगाफळाची भाजी होते, गंगाफळाचे बोंडे होतात. त्या बाईशी मला तिच्याच बोलीत बोलता आलं असतं, आणि मी जळगावची झाले.

त्या रात्री मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. संचालकांनी ‘शिस्त चांगली आहे’ म्हटलं, त्यानं मी सुखावलेच होते. जानेवारीअखेर शाळा सोडली ती पगार थकला म्हणून. टोचायला लागलं नंतर, हळूहळू. बी.एड. सीईटीचा अर्ज उघडला की तो तक्ता दिसायचा. मला वाटायचं, परवाना मिळाला तर मी तेच करीन, फक्त पगार नियमित मिळेल.

एम.ए.ला गेले ते हे समजून घ्यायला. मूल्यमापनाच्या पेपरात सप्रमाणता आली, म्हणजे जे मोजायचं म्हणतो तेच आपण मोजतो का. माझ्या तक्त्यानं वस्तूची ओळख मोजायची होती. तो मोजत होता मुलाचं घर कोणतं ते. ज्याला वस्तू पक्की माहीत होती, नेमका त्यालाच भोपळा मिळाला. शिक्षण हक्क कायद्याची कलमंही तेव्हाच पहिल्यांदा नीट वाचली. १७ मध्ये मुलाला मारायला मनाई. २९ मध्ये माध्यम शक्य तिथवर मातृभाषेचं. दोन्ही १ एप्रिल २०१० पासून लागू, म्हणजे माझ्या त्या डिसेंबरच्या सहा वर्षं आधीपासून.

आता कुणी म्हणेल, बी.एड.मध्येही हे शिकवतात. शिकवतात की. चांगले प्राध्यापक मिळाले असते तर दोन वर्षांत मी कदाचित वर्गात उभं राहायलाही शिकले असते. तेव्हाच्या मला वाटायचं, आपण मुलांपासून लांब राहिलो म्हणजे प्रायश्चित्त झालं. आता तिला विचारावंसं वाटतं, हे प्रायश्चित्त की पळ? ती लगेच उलटून विचारते, मग आता तरी जा की वर्गात. तिथे माझी बोलती बंद होते.

सध्या मी वाचन चाचण्यांचे प्रश्न तयार करते, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातल्या शाळांसाठी. तिथली मुलं घरी भिली, पावरी बोलतात. त्या भाषा मला येत नाहीत, म्हणून प्रत्येक चित्राला घरी काय म्हणतात ते तिथल्या लोकांना विचारून लिहून घ्यावं लागतं. हे काम आहे, आणि त्याला ही पदवी लागते. मामांनी एवढं तरी धरावं.

मागच्या बैठकीत मी सांगितलं की चित्राला मुलानं घरचा शब्द वापरला तर पूर्ण गुण द्यायचे. एक शिक्षक उठले, वीस वर्षं पाड्यावर काढलेले. ‘ताई, तुम्ही देता गुण. शिष्यवृत्तीच्या पेपरात कोण देणार? तिथे भोपळाच छापलेला असतो. तो शब्द मी कधी शिकवू?’ आणि मग, ‘तुम्ही वर्ग घेतलाय कधी?’

‘घेतलाय, आठ महिने,’ मी म्हणाले. पुढचं सांगितलं नाही.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी गुणांचा नियम तसाच ठेवला आणि त्यांच्या वर्गात येऊन बघते म्हणून शब्द दिला. तारीख त्यांनी दोनदा विचारलीय.