ट्यूनिंगची परीक्षा, 'स्थिरता' हा एक शब्द आणि माझे गेलेले पाच महिने

पियानो टेक्निशियनचं सर्टिफिकेट हातात येऊन बराच काळ झाला, पण ट्यूनिंगच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले त्या निकालाच्या कागदाची आठवण आली की अजूनही माझं डोकं तापतं. नापास झाल्याचं दुःख केव्हाच गेलं, राग आहे तो कारणाच्या रकान्यात लिहिलेल्या एका शब्दाचा. 'स्थिरता'. पुढे काही नाही, कुठल्या सुरांची, किती, कशामुळे, काहीच नाही. त्या शब्दाचा अर्थ लावण्यात माझे पाच महिने गेले. पियानो टेक्निशियनच्या कोर्सला जाणाऱ्या कुणाचे तरी ते वाचावेत म्हणून हे लिहितेय.

आधीचं पटकन सांगते. आमच्याकडे लेखी पेपर होता, दुरुस्ती आणि रेग्युलेशनचं (कळा आणि हॅमरच्या यंत्रणेची जुळवणी) प्रॅक्टिकल होतं, धंद्याच्या बाजूचा एक भाग होता आणि ट्यूनिंग. लेखी पेपर अभ्यास केला की निघतो. प्रॅक्टिकलला तार बदलणं, मोडलेली हॅमरची (तारेवर आपटणाऱ्या हातोडीची) दांडी बसवणं, घट्ट झालेल्या फ्लँजची, म्हणजे बिजागरीची, सेंटरपिन बदलणं असं सगळं घड्याळ लावून करायचं असतं, तेही हात बसलेला असेल तर होतं. माझं झालं.

ट्यूनिंगमध्ये मी वर्गात सगळ्यात पुढे होते, म्हणून जास्त लागलं. मधला भाग कानानेच लावायचा, मशीन नाही. ए हा सूर ४४० हर्ट्झवर घ्यायचा, मग टेम्परामेंट, म्हणजे मधल्या सप्तकातल्या सुरांमधली अंतरं एकमेकांशी जुळवायची. मधल्या सी च्या खालच्या एफ-ए या थर्डमध्ये (दोन सुरांच्या जोडीत) सेकंदाला जवळजवळ सात बीट्स, म्हणजे दोन सूर एकत्र वाजवल्यावर ऐकू येणारे आवाजाचे हेलकावे, यायला हवेत, त्यावरच्या ए ते सी शार्पमध्ये नऊच्या जरा आत, आणि असंच वर जाताना प्रत्येक थर्ड आधीच्यापेक्षा थोडा जलद. हे मला डोळे मिटून ऐकू यायचं. लावून झाल्यावर परीक्षकांनी मोजलं, मान हलवली, आणि मग काही सूर निवडून प्रत्येकावर जोरात, अगदी सगळा हात टाकून, तीन-तीन ठोके मारले आणि परत मोजलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते आणि मला वाटलं ही फॉर्मॅलिटी असणार.

नंतर तो कागद आला.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसला फोन केला. म्हणाले कागदावर आहे तेच, परीक्षकांशी बोलता येणार नाही. मग मेल केला, उत्तर आलं की फेरपरीक्षा पुढची बॅच जमली की. कधी जमेल? सांगता येणार नाही. परत मेल, परत तेच उत्तर, फक्त खाली नाव वेगळं. तिसऱ्यांदा फोनवर मी विचारलं की मला निदान हे तरी सांगा की माझे सूर चढले की उतरले, तर पलीकडून मॅडम म्हणाल्या, "अहो, ते आमच्याकडे नसतं." आणि हे खरं नव्हतं, हीच माझी खरी तक्रार. ते त्यांच्याकडेच होतं. आधीच्या बॅचच्या एका सीनियरने तीन महिन्यांनी सहज बोलताना सांगितलं की मोजणीचा तपशीलवार तक्ता फाइलमध्ये असतो आणि लेखी अर्ज केला की मिळतो. मी त्याच संध्याकाळी अर्ज केला. आठ दिवसांत तक्ता घरी. तीन महिने मी अंधारात सराव करत होते आणि चुकीच्या गोष्टीचा करत होते, मला वाटायचं माझा कान कमी पडतोय म्हणून रोज टेम्परामेंटच घोटत बसायचे.

तक्ता बघितला आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. कानाचा काही संबंधच नव्हता. ठोक्यांच्या आधीचे आकडे जवळपास बरोबर, ठोक्यांनंतरचे बहुतेक सगळे उतरलेले, दीड सेंट, दोन सेंट, आणि चढलेला एकही नाही. दोन सेंट ऐकायला क्षुल्लक वाटतं (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर, म्हणजे एक सेमीटोन, शंभर सेंटचं), पण एकाच सुराच्या तीन तारांपैकी एक दोन सेंट उतरली की ए ४४० ला दर दोन सेकंदांनी एक बीट येतो, म्हणजे युनिसन, त्या तिन्ही तारांचा एकत्र आवाज, डोलायला लागतो, तो कुणालाही ऐकू येतो.

सगळे एकाच दिशेने उतरले याचा अर्थ काय, हे ज्या सरांकडे मी सरावाला जायचे त्यांनी तारेवर बोट ठेवून दाखवलं. तार ट्यूनिंग पिनवरून (जिच्याभोवती ती गुंडाळलेली असते) निघते, आग्राफ किंवा प्रेशर बार या तिला अडवून धरणाऱ्या धातूच्या भागातून जाते आणि मग तिचा वाजणारा भाग सुरू होतो. त्या अडथळ्याशी घर्षण असतं, त्यामुळे पिनजवळच्या छोट्या तुकड्यातला ताण आणि वाजणाऱ्या भागातला ताण वेगळा राहू शकतो. मी काय करायचे, तर सूर जरा वर न्यायचे आणि हळूहळू खाली आणून बरोबर वाटला की तिथेच लिव्हर (पिन फिरवायचं हत्यार) काढायचे, आणि हे सगळं हलक्या हाताने वाजवत. म्हणजे पिनजवळचा तुकडा सैल आणि वाजणारा भाग ताठ, असा मी प्रत्येक सूर सोडत होते. कुणी जोरात ठोका मारला की तार थोडी सरकते, ताण वाटला जातो, सूर उतरतो. पियानोत साधारण २३० तारा असतात आणि मी त्यातल्या बहुतेक अशाच सोडत असणार, मैफिलीत तो पियानो पहिल्या दहा मिनिटांत उतरला असता. कागदावर 'सगळे उतरले' एवढे दोन शब्द असते तरी मला त्याच आठवड्यात समजलं असतं.

मग उरलेले दोन महिने मी फक्त पिन बसवायला शिकले. रोज वीस सूर. सरांनी मला पिनच्या डोक्यावर मार्करने एक रेघ मारायला लावली आणि लिव्हर अगदी सावकाश ओढायला सांगितलं. रेघ हलताना दिसते पण सूर अजून तिथेच असतो, कारण वरचं टोक पिळलं जातंय आणि खालचं टोक पिनब्लॉकच्या लाकडात अजून घट्ट बसलंय, आणि मग एका क्षणी हाताला बारीकसा 'टक्' लागतो, तेव्हा खरी पिन फिरते. तो टक् मला पहिले चार दिवस लागलाच नाही. पाचव्या दिवशी लागला आणि त्यानंतर कधी चुकला नाही. लागला तेव्हा एकदम रडूच आलं.

आता करते ते असं, सूर किंचित वर, भरदार ठोका मारत खाली, आणि शेवटी वरच्या बाजूला एक बारीकसा दाब. मग लिव्हर न फिरवता दोन्हीकडे जरासा दाबून बघायचा, दोन्हीकडे सूर सारखाच हलून जागेवर आला तर पिन बसली. लिव्हरचा दांडा शक्यतो तारेच्या रेषेत ठेवा, आडवा ठेवला तर पिन तारेच्या दिशेने वाकते आणि हात काढला की सूर बदलतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर सराव करत असाल तर जरूर करा पण स्क्रीनवरचा आकडा फक्त त्या क्षणाचा असतो, जोरात वाजवून परत बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

हो, धंद्याच्या भागाबद्दल सांगायचं राहिलं. तो लोक हलक्यात घेतात आणि मीही घेतला होता. एस्टिमेट लेखी देणं, प्रत्येक पियानोचं कार्ड ठेवणं, प्रवासाचा वेळ दरात धरणं, सहा महिन्यांनी आठवणीचा मेसेज पाठवणं, सगळं तिथे शिकवलं होतं. पहिल्याच कामात एक जुना पियानो मिळाला, ४० सेंट उतरलेला. असा पियानो एका फेरीत लागत नाही, पहिल्या फेरीत मुद्दाम बरोबर सुराच्याही साधारण १० सेंट वर ओढावा लागतो कारण पुढच्या तारा ताणल्या की सगळा भार ब्रिजवरून (तारा टेकतात ती लाकडी पट्टी) साउंडबोर्डवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीवर, येतो आणि आधीच्या तारा परत उतरतात, मग दुसऱ्या फेरीत नीट ट्यूनिंग. हे मला येत होतं. पण जुन्या गंजलेल्या तारा ताणताना तुटू शकतात, हे मी त्या घरच्या काकूंना आधी बोलले नाही, आणि बासची एक तार तुटली. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून झाकण उघडलं की आधी पाच मिनिटं पाहणी, सुरुवातीचा पिच कार्डावर, तारांची अवस्था, काय होऊ शकतं, सगळं लिहून वाचून दाखवते आणि मगच लिव्हर हातात घेते. हवेतली आर्द्रताही लिहून ठेवते, कारण पुढच्या वेळी मधला भाग चढलेला दिसला तर ते साउंडबोर्ड फुगल्यामुळे आहे की माझ्या पिनांमुळे, हे त्या नोंदीवरूनच समजतं.

फेरपरीक्षेला तेच परीक्षक होते. तीन-तीन ठोके, परत मोजणी, आणि यावेळी मी त्यांना तिथेच विचारलं, "आकडे बघू का?" त्यांनी लगेच पुढे केले, वर म्हणाले की मागच्या वेळीही दाखवले असते, तुम्ही विचारलं नाहीत. ठोक्यांनंतर एकही सूर अर्ध्या सेंटच्या वर हलला नव्हता. त्या कागदाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

तेव्हा निकाल काहीही असो, परीक्षा झाली त्याच दिवशी तपशीलवार तक्त्याचा लेखी अर्ज देऊन या आणि पोच घ्या. फेरपरीक्षेचा फॉर्मही त्याच वेळी भरून टाका, बॅच जमायची वाट बघणाऱ्यांच्या यादीत नाव आधी लागतं. आणि सरावात भरदार ठोके मारणार असाल तर कानात इअरप्लग घाला, मी पहिले दोन आठवडे घातले नव्हते आणि संध्याकाळी कानात शिट्टी वाजायची.