१२-११, आणि तो खुर्चीतला कॅप्टन

रविवार, २९ ऑक्टोबर २०२३

१२-११. साउथ आफ्रिकेसमोर एका पॉइंटने गेली राव न्यूझीलंड. काल कोजागिरी, पण ग्रहणाचं सूतक म्हणून आईने दूध आटवलंच नाही, त्यामुळे जागायला कारण उरलं फक्त रग्बी वर्ल्डकपच्या फायनलचं. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू, पॅरिसजवळ स्टाद द फ्रान्सला.

सॅम केनचंच डोक्यात घोळतंय. न्यूझीलंडचा कॅप्टन, पहिल्याच हाफमध्ये साउथ आफ्रिकेच्या जेसी क्रीलला टॅकल करायला, म्हणजे धरून पाडायला गेला, वाकलाच नाही आणि खांदा थेट डोक्याला लागला. आधी यलो कार्ड, म्हणजे दहा मिनिटं बाहेर, मग तो बाहेर खुर्चीत बसलेला असताना आत कुणीतरी फुटेज बघून त्याचं रेड केलं, म्हणजे खेळ खलास, उरलेली मॅच टीम पंधराऐवजी चौदा जणांची. पुरुषांच्या वर्ल्डकप फायनलमधलं हे पहिलंच रेड. कॅमेरा सारखा त्याच्यावर जायचा आणि तो आपला समोर बघत बसलेला. बरं, डोक्याला लागलं की नियम कडक हवाच, त्यावर माझं भांडण नाही, पण सेकंड हाफला त्यांचा कॅप्टन सिया कोलिसी, त्याचं डोकं आपल्या आर्डी सवेआच्या डोक्यावर आपटलं ते मात्र यलोच राहिलं, का तर जोर कमी होता, तो वाकत होता वगैरे. असेल बाबा. मला नाही पटलं.

आणि चौदा जणांनी सेकंड हाफ जिंकला की! साउथ आफ्रिकेचे बाराच्या बारा पॉइंट पोलार्डच्या चार पेनल्टींचे (फाउलवर मिळणारी किक, तीन पॉइंट), तेही सगळे हाफटाइमच्या आधीचे, नंतर भोपळा. अख्ख्या मॅचमध्ये ट्राय (बॉल गोललाइनपलीकडे टेकवणं, पाच पॉइंट) एकच, आपल्या बोडन बॅरेटची. त्याआधी ॲरन स्मिथने केलेली ट्राय, मागे लाइनआउटला (बाहेर गेलेला बॉल परत आत टाकतात तेव्हा) नॉक-ऑन झाला होता, म्हणजे बॉल हातून पुढे पडला होता, म्हणून रद्द. मग मोउंगाची कन्व्हर्जन (ट्रायनंतरची दोन पॉइंटची किक) बाहेर, शेवटी जॉर्डी बॅरेटची लांबून मारलेली पेनल्टी पण बाहेर, दोन्हीतली एक जरी आत गेली असती ना...

पण खरं सांगायचं तर साउथ आफ्रिकेच्या डू टॉयने हरवलं. २८ टॅकल! जो बॉल घेऊन निघेल त्याला हा आडवा करतोय, उठतोय, परत पुढचा. शेवटची सातेक मिनिटं त्यांचा कोल्बी यलो खाऊन बाहेर, जर्सीत तोंड लपवून बसलेला, तरी बाकीच्यांनी लाइन सोडली नाही. क्वार्टरला फ्रान्सला २९-२८, सेमीला इंग्लंडला १६-१५, आता हे. तीनदा एकेका पॉइंटने जिंकणाऱ्यांना नशीबवान म्हणायला जीभ रेटत नाही, कितीही जळफळाट झाला तरी.

ऑकलंडच्या मावसभावाकडे ही मॅच रविवारी सकाळी आठची. संपल्यावर त्याला मेसेज टाकला, तर म्हणे कालच धरमशालेत ऑस्ट्रेलियाकडून पाच रनांनी हरलोय, ३८८ च्या मागे धावून ३८३, आता तू तरी छळू नकोस. मग मी गप्प बसलो, अर्धा तास तरी.