आक्का व्हायरल झाल्या

सोमवार, रात्री

स्कॉटलंडच्या गायिका सुझन बॉयल यांचा २००९ सालचा तो गाजलेला व्हिडिओ आज पुन्हा बघितला. या खेपेला गाणं सुरू व्हायच्या आधीचा भागच मागे नेऊन नेऊन बघितला. ग्लासगोमधलं सभागृह, ब्रिटन्स गॉट टॅलेंट या टीव्हीवरच्या स्पर्धेची निवड फेरी. ४७ वर्षांच्या बाई स्टेजवर येतात. केस विस्कटलेले, अंगात फिकट सोनेरी झगा. वय सांगितल्यावर प्रेक्षकांत खसखस पिकते. इलेन पेज यांच्यासारखी गायिका व्हायचंय म्हणतात, तेव्हा कॅमेरा प्रेक्षकांतल्या एका मुलीवर जातो आणि ती डोळे फिरवते. मग गाणं सुरू होतं आणि पहिल्याच ओळीला परीक्षक सायमन कॉवेल यांच्या भुवया वर जातात. थोड्या वेळात तेच सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागतं.

सगळ्या जगाने डोक्यावर घेतलं ते या टाळ्यांना. माझं मन त्या डोळे फिरवणाऱ्या मुलीपाशी अडकलं. ती मुलगी वाईट नसणार. तिला जे दिसलं त्यावरून तिने ठरवलं. ऐकायची वेळ अजून यायची होती.

हे सगळं आज आठवायला कारण आमच्या भजनी मंडळातल्या आक्का.

मंगाई देवीच्या यात्रेच्या दिवसांत बेळगावातल्या आमच्या वडगावात घरोघरी पाहुणे असतात. यंदा गल्लीत आमच्या मंडळाचं भजन होतं. पेटीवर मी होते. आक्कांनी अभंग घेतला आणि कुणाच्या तरी पाहुण्याने तो फोनवर घेतला. पुढे तो कुठून कुठे गेला कोण जाणे. पुण्याच्या भाचीने तो मलाच पाठवला आणि विचारलं, "मावशी, ही बाई तुमच्याकडची का?" व्हिडिओत एका कोपऱ्यात माझा हात आणि पेटीचा भाता दिसतोय. वर कुणीतरी लिहिलंय, "दिसण्यावर जाऊ नका, शेवटपर्यंत ऐका."

दिसण्यावर! आक्कांचे पुढचे दोन दात पडलेत, रंग सावळा आहे, साडी गुडघ्याच्या खालपर्यंत खोचलेली. वडगावातल्या निम्म्या बायका अशाच दिसतात. ते वाक्य लिहिणाऱ्याला आक्कांचं कौतुकच करायचं होतं हे मला कळतं. तरीसुद्धा ते वाक्य मला लागलं.

मंगळवार

एका यूट्यूब चॅनलवाली मुलं आली होती. आक्का सकाळपासून तयार. नातीने वेणी घालून दिली होती, गजरा होता आणि अंगावर लेकीने दिलेली हिरवी इरकल. मुलांनी बघितलं आणि म्हणाली, आजी, रोजची साडी नेसा ना, ही फार भारी दिसते. मग म्हणाली, विणकामाच्या मागाच्या खोलीत बसूया. मग सुताच्या कांड्यांची टोपली पुढे ओढली, भिंतीवरचा पोपडा कॅमेऱ्यात येईल अशी आक्कांची खुर्ची सरकवली.

मी तिथेच होते. आक्का काही वेळ गप्प राहिल्या, मग मला म्हणाल्या, "बाई, ह्यांनी गाणं ऐकालेत की घर बघालेत?"

मुलं हसली. आक्का हसत नव्हत्या. "गातो की मी. खरं साडी बदलणार नाही."

आणि बदलली नाही. इरकलीतच गायल्या. चांगल्या गायल्या, पण दोन कडवी झाल्यावर मुलांनी थांबवलं. तेवढं पुरे होतं त्यांना. पुढे बराच वेळ प्रश्नच. मालक कधी गेले? कर्ज आहे काय? कधी उपाशी झोपलात काय? आक्का सगळ्यांची सरळ उत्तरं देत होत्या. उपाशी झोपल्याचं विचारलं तेव्हा त्यांनी पोरांना चहा-पोहे आणून दिले.

हा आवाज आला कुठून, हे एकानेही विचारलं नाही. ते मी इथे लिहून ठेवते.

आक्का वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून कांड्या भरतात. आधी हातमागाच्या घरी, मग यंत्रमाग आले तिथे. ज्यांनी माग चालू असलेल्या खोलीत पाच मिनिटं काढलीत त्यांना ठाऊक आहे, शेजारचा माणूस काय बोलतो ते ओठांवरून ओळखावं लागतं. त्या खडखडाटात आक्का गातात. ओरडत नाहीत, आवाज मागाच्या वर कुठेतरी नेऊन ठेवतात. सूत तुटलं की गाणं थांबतं. चिमटीत दोन्ही टोकं धरून गाठ मारायची, कांडी पुन्हा फिरवायची आणि ज्या सुरावर सोडलं त्याच सुरावर पुढचा शब्द. मी एकदा मुद्दाम पेटी घेऊन बसले होते. गाठ मारून झाल्यावर आलेला सूर पेटीवर तपासला. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर गात होत्या, काळी चारमध्येच परत आल्या. मध्ये कुणाशी तरी बोलूनही झालं होतं.

अमक्याकडे शिकल्या असं आक्कांना सांगता येत नाही. आईचं ऐकून अभंग आले, सासूचं ऐकून कन्नड दासरपदं, म्हणजे हरिदासांची भक्तिगीतं आली. मंडळात आल्यावर टाळ आणि ताल पक्के झाले. याला शिक्षण म्हणत नसतील तर कशाला म्हणायचं?

बुधवार

सुझन बॉयल यांच्याविषयी आज आणखी वाचलं. 'अचानक' हा शब्द त्यांच्याबाबतीत इतक्या वेळा वापरला गेला की तो खरा वाटायला लागतो. प्रत्यक्षात स्कॉटलंडमधल्या ब्लॅकबर्न या छोट्या गावातल्या या बाई कितीतरी वर्षं गातच होत्या. शिक्षकाकडे आवाजाचे धडे घेतले होते. १९९९ मध्ये एका धर्मादाय सीडीसाठी एक गाणं रेकॉर्ड केलं होतं, तिच्या हजार प्रती निघाल्या होत्या. चर्चमध्ये गायच्या, गावातल्या कार्यक्रमांत गायच्या. नऊ भावंडांतल्या त्या धाकट्या. म्हाताऱ्या आईची सेवा केली. आई २००७ मध्ये ९१ व्या वर्षी गेली आणि त्यानंतर आईसाठी म्हणून त्या या स्पर्धेला उतरल्या.

आणखी एक गोष्ट. अशा कार्यक्रमांत परीक्षकांसमोर यायच्या आधी निर्मात्यांच्या माणसांसमोर गावं लागतं. म्हणजे हा आवाज कसला आहे हे पडद्यामागच्या लोकांना माहीत होतं. तरी आधी हसणारे चेहरे दाखवायचे, मग गाणं, मग थक्क झालेले चेहरे, हा क्रम कुणीतरी बसून लावला. प्रसंग ११ एप्रिल २००९ ला टीव्हीवर आला आणि पुढच्या काही दिवसांत कोट्यवधी लोकांनी इंटरनेटवर बघितला. बघणारा प्रत्येक जण आधी हसला आणि मग आपल्याच हसण्याची लाज वाटून टाळ्या वाजवायला लागला. मला वाटतं, त्या टाळ्यांत बाईंच्या गाण्याचा वाटा होता तसा या लाजेचाही होता.

पुढचे सात आठवडे वाचताना मला त्रास झाला. घराबाहेर पत्रकारांचा गराडा. केस कापले तरी बातमी, भुवया कोरल्या तरी बातमी. वर्तमानपत्रांनी नावाचे तुकडे करून 'सुबो' केलं. ३० मे ला अंतिम फेरी, टीव्हीपुढे पावणेदोन कोटींच्या आसपास लोक. डायव्हर्सिटी हा नृत्यसंघ पहिला आला, बाई दुसऱ्या. दुसऱ्याच दिवशी त्यांना लंडनमधल्या प्रायरी या मानसोपचार रुग्णालयात दाखल करावं लागलं. तब्येतीची चौकशी थेट पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी केली. जिला लहानपणापासून मुलं चिडवत आली, डॉक्टरांनी जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली असं सांगून टाकलं होतं, तिला सगळ्या देशाने एकदम खांद्यावर घेतलं आणि खाली उतरवताना कुणाचं लक्ष नव्हतं. पुढे २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की आपल्याला ॲस्पर्गर सिंड्रोम असल्याचं निदान झालंय आणि ते कळल्याने हायसं वाटलं.

पण बाई टिकल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये पहिला अल्बम आला आणि ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. सप्टेंबर २०१० मध्ये ग्लासगोला पोप बेनेडिक्ट सोळावे आले, तेव्हा त्यांच्यासमोर गायल्या. आणि एवढा पैसा आल्यावरही आईवडिलांचं ब्लॅकबर्नमधलं ते जुनं घर सोडलं नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. त्या गल्लीतल्या लोकांनी त्यांना टीव्हीच्या आधी ऐकलं होतं.

गुरुवार, दुपारी

व्हिडिओखाली भांडण पेटलंय. आक्का मराठी की कन्नड? एक म्हणतो, बघा, सीमाभागातला मराठी आवाज दाबला जातोय. दुसरा म्हणतो, बेळगावच्या कन्नड बाईला तुम्ही पळवताय. गाण्याबद्दलच्या ओळी खाली खाली चालल्यात.

सीमाप्रश्न मला परका नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, आमची घरं यातच वाढली. मराठी शाळेत मी आयुष्यभर शिकवलं, त्या शाळांतली मुलं कमी होताना बघितली, त्याचं दुःख मला आहेच आणि ते मी कुणापासून लपवत नाही. पण आक्कांच्या गळ्यात आईची मराठी आणि सासूची कन्नड एकत्र बसलीय. त्यातली एक काढून टाका असं त्यांना सांगायचा हक्क कुणालाच नाही. मलाही नाही.

आज सारखे कुमार गंधर्व आठवतायत. इथून मिरजेच्या बाजूला जाताना सांबऱ्यानंतर सुळेभावी स्टेशन लागतं, ते त्यांचं गाव. ८ एप्रिल १९२४ चा जन्म, मूळ नाव शिवपुत्र कोमकळीमठ. घरची भाषा कन्नड, आणि मराठी माणसांनी त्यांना काळजात ठेवलं. लहानपणी थोर गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे. सात-आठ वर्षांचं पोर, गावोगाव जलसे, लोक बघायला लोटायचे. तेव्हा रील नव्हते एवढाच फरक. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये त्यांनी भल्याभल्यांना चकित केलं. असं कौतुक झालेली मुलं पुढे कुठे जातात कुणालाही माहीत नसतं. हे मात्र गानगुरू प्रा. बी. आर. देवधरांकडे गेले आणि वर्षानुवर्षं शिकत राहिले. पुढे क्षयाने गाणंच बंद पडलं, देवासला जाऊन राहावं लागलं, आणि १९५२ च्या सुमारास परत गायला लागले ते कुणाचीच नक्कल नसलेलं गाणं घेऊन. त्या पोराला देवधर भेटले नसते तर जिना हॉलची ती संध्याकाळ एक आठवण म्हणून उरली असती.

आपल्या शेजारचा हावेरीचा हनुमंत लमाणी घ्या. कन्नड सरिगमप या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मेंढ्या राखणारा म्हणूनच त्याची ओळख करून दिली गेली. उपविजेता झाला. गाणं आवडलं म्हणून की साधेपणा आवडला म्हणून, हे प्रेक्षकांनाही सांगता आलं नसतं. २०२५ च्या जानेवारीत तो कन्नड बिग बॉस जिंकला तेव्हा आमच्या वडगावातसुद्धा लोक खूश होते. त्याचं चांगलं झालं, मला मनापासून आनंद आहे. पण 'मेंढपाळ' हे बिरुद त्याच्या गाण्याच्या आधी लागलं ते लागलंच.

शनिवार

गाण्याच्या एका कार्यक्रमाच्या निवड फेरीसाठी फोन आला. आक्कांनी फोन माझ्याकडे दिला. पलीकडची मुलगी गोड बोलणारी, घाईत असलेली. तिने विचारलं, आजींच्या घरी कोणी आजारी आहे का? मुलं बघतात का त्यांना? त्यांचं स्वप्न काय होतं जे राहून गेलं? मी विचारलं, काय गातात हे विचारणार नाही का? ती म्हणाली, ते व्हिडिओत ऐकलंय की.

संध्याकाळी मंडळात विषय निघाला. काहींनी जाऊ नका म्हटलं. आक्कांची नात रडायला लागली, तिला आजीला टीव्हीवर बघायचंय. मला आधी वाटलं होतं की आक्का नको म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "जातो की. एवढी वर्षं मागाला ऐकवलं, आता माणसांना ऐकवतो. खरं बाई, पेटीवर तुमी पायजेत. आणि दासरपद एक तरी गाणार."

मला बरं वाटलं. त्यांनी जावं. भीती वाटते म्हणून त्यांच्या वाट्याच्या टाळ्या अडवणारी मी कोण? बरोबर जाणं माझ्या हातात आहे, तेवढं मी करणार. गाण्याआधी कुणी घरची दुःखं विचारायला लागलं तर मध्ये बोलणार. नंबर लागो न लागो, परत येताना त्यांच्या शेजारच्या सीटवर असणार.

अर्ज फोनवर आला होता, नातीने छापून आणला. नाव, वय, गाव झालं. भाषेच्या रकान्यात आक्कांनी मराठी आणि कन्नड दोन्ही लिहायला लावलं. खाली एक मोठी चौकट आहे, 'तुमच्या संघर्षाची कहाणी'. आक्का म्हणाल्या, "ह्यात माझी गाणी लिवा." म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. काकड्याचे अभंग, गौळणी, जात्यावरच्या ओव्या, डोहाळे, पाळणे. चौकट भरली, मागचं पान घेतलं, तेही निम्मं झालं. दासरपदं अजून सुरूच करायची आहेत. उद्या दुपारी माग बंद झाल्यावर बसणार आहोत.