बार्लो रोड: माउंट हूडच्या घाटातली वॅगनवाट

बार्लो रोड म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एकोणिसाव्या शतकातल्या स्थलांतरितांनी डोंगरातून काढलेली वॅगनवाट. ती करायची तर पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे ते स्थलांतरित गेले त्याच दिशेने, हे माझं पोर्टलंडला आल्यापासून पक्कं होतं. बरेच जण पोर्टलंडहून निघून उलटे जातात. सोयीचं पडतं ते, पण मग लॉरेल हिल ही वाटेतली उभी टेकडी चढताना भेटते. या वाटेची खरी परीक्षा उतारावर होती.

तयारी फारशी लागत नाही, पण जी लागते ती टाळू नये. बर्फ वितळून खिंड मोकळी झाली का, हे रेंजर स्टेशनला विचारूनच निघावं. मी जुलैची अखेर निवडली. वनखात्याचा ३५३० क्रमांकाचा कच्चा रस्ता जुन्या वाटेच्या बराचसा सोबतीने जातो. त्याला जमिनीपासून उंच असलेली गाडीच हवी. फोनला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घेतले आणि पाणी भरपूर ठेवलं.

सुरुवात टाय व्हॅलीतून केली. तिथे उघडी, पिवळ्या गवताची टेकाडं आहेत. १८४५ पर्यंत ओरेगॉन ट्रेलचा, म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्या स्थलांतरितांच्या लांब वाटेचा, गाडीरस्ता याच्या उत्तरेला, द डॅल्स या नदीकाठच्या ठाण्याला संपायचा. सुमारे दोन हजार मैल बैल हाकत आलेल्या कुटुंबांना तिथे वॅगन सुट्या करून तराफ्यावर चढवाव्या लागत आणि कोलंबिया नदीच्या खळाळांतून खाली जावं लागे. होडी हवी तर भाडं जबर, आणि नंबर लागेपर्यंत शिधा संपत जायचा. त्यांच्यातल्याच सॅम बार्लोला हे मान्य नव्हतं. देवाने डोंगर केला तर तो ओलांडायला जागाही ठेवली असणार, असं तो म्हणाल्याचं सांगतात. १८४५ च्या शरदात तो डोंगरात शिरला. मागून जोएल पामर या दुसऱ्या स्थलांतरिताची तुकडी येऊन मिळाली.

वॉमिकच्या पुढे झाडी दाट होते आणि व्हाइट रिव्हर लागते. हिमनदीतून आलेलं राखाडी, गाळाचं पाणी. इथून वर बार्लो क्रीकच्या कडेने मी बराच भाग पायी केला. वाट कुठे खोल घळीसारखी झिजली आहे, कुठे देवदारांत हरवते. याच डोंगरात पामर ऑक्टोबरमध्ये वाट हेरायला माउंट हूडच्या बर्फावर चढला. पायातली मोकॅसिन, म्हणजे मऊ चामड्याची पादत्राणं, फाटली आणि पुढचं बरंचसं अंतर त्याने अनवाणी कापलं. वाट दिसली, पण हिवाळा आला होता. वॅगन आणि सामान डोंगरातच ठेवून, राखणीला एक माणूस बसवून, बाकीचे चालत, घोड्यांवरून ओरेगॉन सिटीला पोचले.

बार्लोने लगेच ओरेगॉनच्या हंगामी सरकारकडून टोलरस्त्याचा परवाना मिळवला. १८४६ मध्ये सुमारे चाळीस माणसांनी झाडं तोडून, जाळून वाट काढली. वॅगनला ५ डॉलर, जनावरामागे १० सेंट. पहिल्याच वर्षी १४५ वॅगन गेल्या.

चार हजार फुटांवरच्या बार्लो पासपर्यंतची चढण कष्टाची आहे, भयाची नाही. भय पुढे आहे. २६ क्रमांकाच्या हायवेवर लॉरेल हिलची पाटी आहे. तिथून पायऱ्या चढून जुन्या, सोडून दिलेल्या डांबरी रस्त्यावर आलो आणि तिथून वॅगन उतरवायच्या घळीच्या माथ्यावर. काही ठिकाणी साठ टक्के उतार, खाली सगळी सुटी दगडगोटी. मी काठी रोवत, एका बाजूने, हाताने झाडं धरत उतरलो. पाठीवर फक्त एक पिशवी होती. त्यांच्याकडे भरलेली वॅगन होती. तिला दोर बांधून तो झाडाच्या बुंध्याला गुंडाळायचा आणि हळूहळू सैल सोडायचा. किंवा अख्खं झाड तोडून ब्रेक म्हणून मागे बांधायचं. नदी टाळल्याची किंमत ही होती. तरीही लोक हीच वाट धरत राहिले, कारण इथे संसार निदान स्वतःच्या हातातल्या दोरावर होता. मला तो निर्णय पूर्ण पटतो.

ऱ्होडोडेंड्रॉन गावाजवळ शेवटच्या टोलनाक्याची प्रतिकृती आहे. पुढे हेन्री वेमीने हा रस्ता विकत घेतला आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, तो ओरेगॉन राज्याला मिळाला.

एक गोष्ट मात्र ठळक सांगायलाच हवी. ही वाट रिकाम्या डोंगरात सापडली नव्हती. इथल्या मूळ रहिवाशांच्या पायवाटा आधीपासून होत्या. १८५० च्या कायद्याने गोऱ्या जोडप्याला ६४० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. आणि १८५५ मध्ये मध्य ओरेगॉनमधल्या जमातींशी करार करून त्यांची जवळजवळ एक कोटी एकर जमीन सरकारकडे घेणारा अधिकारी होता तोच, बर्फात अनवाणी चाललेला जोएल पामर. बार्लोच्या धाडसाबद्दल वाचताना हेही वाचावं.

सगळी वाट जमणार नसेल तर लॉरेल हिल तेवढी करा. बूट घट्ट पकडीचे घाला, पावसानंतर जाऊ नका, आणि आधी माथ्यावर जाऊन मगच खाली बघा.