उशीवरचे पाणी

माझ्या कामाला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 'फॅसिलिटेटर' म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही; 'सोबतीण' हा त्यातल्या त्यात जवळचा, कारण सायलोसायबिन, म्हणजे काही अळंब्यांत असलेले, जाणीव बदलणारे द्रव्य, घेतलेल्या माणसाजवळ पाच-सहा तास बसून राहणे आणि त्यातला बहुतेक वेळ काहीही न करणे, असेच या कामाचे स्वरूप आहे. त्याआधी मी मिरजेत बारा वर्षे परिचारिका होते, आणि इकडे आल्यावर परवान्याची परीक्षा देऊन नऊ वर्षे मरणाच्या दारातल्या रुग्णांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा केली. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यातल्या मतदारांनी परवानाधारक केंद्रांत ते घेण्याची मुभा देणारा 'मेझर १०९' हा कायदा मंजूर केला, नियम बनवण्यात दोन वर्षे गेली आणि २०२३ मध्ये पहिली केंद्रे उघडली. एकशेवीस तासांचे प्रशिक्षण आणि चाळीस तासांचा प्रत्यक्ष सराव संपवून मी नवा परवाना घेतला, तेव्हा मिरजेहून आईने फोनवर एवढेच विचारले, "म्हणजे आता तू लोकांना कुत्र्याच्या छत्र्या खायला घालणार?"

तिला खोडून काढता आले नाही. इकडे अयाहुआस्का हा वेलीचा काढा, पेयोटी हे निवडुंग आणि या अळंब्या अशा सगळ्यांना सरसकट वनस्पती-औषध म्हणण्याची पद्धत आहे. पण अळंबी ही वनस्पती नव्हे, बुरशी आहे, आणि आमच्या केंद्रात ती मिळते तेव्हा नियमांच्या भाषेत ती औषधही नसते. मला निदान करता येत नाही, कोणताही आजार बरा होईल असे म्हणता येत नाही. एकवीस किंवा त्याहून अधिक वर्षांच्या व्यक्तीला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय येता येते, मात्र अळंबी केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचा कणही घरी नेता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मराठी गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय छप्पन्न, हिल्सबरो भागात चिप बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता, वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत. त्यांचा पहिला प्रश्न मात्रेविषयी नव्हता, खर्चाविषयीही नव्हता. "तुम्ही मराठी बोलता, हे खरं का?" असे त्यांनी विचारले, आणि मी हो म्हटल्यावर दुसऱ्या वाक्यापासून मला ताई म्हणू लागले.

सत्राच्या किमान चोवीस तास आधी एक पूर्वतयारीची भेट घ्यावी लागते. बहुतेकांना ती कागदोपत्री कटकट वाटते. माझ्या मते अर्धे काम तिथेच होते. आधीच्याच आठवड्यात मी एका बाईंना नकार दिला होता, कारण त्या लिथियमच्या गोळ्या घेत होत्या आणि लिथियमबरोबर सायलोसायबिन घेतल्यास झटके येऊ शकतात. या गृहस्थांना मनोविकृतीचा इतिहास नव्हता, घराण्यातही नव्हता, रक्तदाब काबूत होता. ते अमेरिकेचे नागरिक आहेत हेही मी विचारून घेतले. राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्रीय कायद्यात सायलोसायबिन अजून पहिल्याच, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या, परिशिष्टात आहे, त्यामुळे नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाला हा अनुभव पुढे महागात पडू शकतो. आपल्या लोकांना हे स्पष्ट सांगावे लागते. भारतातही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ते निषिद्ध आहे, म्हणून येताना थोडे घेऊन ये, अशी गंमत करणाऱ्या नातेवाइकांकडे मी हसूनही पाहत नाही.

ते अभियंता असल्यामुळे वाचून आले होते. जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क विद्यापीठात कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांचे निबंध छापून, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करून त्यांनी आणले होते. त्या चाचण्यांत बऱ्याच रुग्णांची चिंता आणि खिन्नता कमी झाली आणि अनेकांच्या बाबतीत ती सहा महिन्यांनंतरही कमीच राहिली, हे खरे आहे. पण तिथे डॉक्टर होते, मानसोपचाराची चौकट होती, आणि रुग्ण निवडून घेतलेले होते. त्यातले फळ आमच्या खोलीत जसेच्या तसे मिळेल असे धरून येऊ नका, असे मी त्यांना सांगितले. ऋग्वेदातला सोम म्हणजे हीच अळंबी का, असेही त्यांनी विचारले. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक भारतीय माणूस विचारतो. सोम नेमका कोणता, यावर पंडितांचे एकमत नाही, एवढे सांगून मी पुढे गेले.

या अळंब्यांचा खात्रीने माहीत असलेला वारसा वेगळ्याच ठिकाणचा आहे. मेक्सिकोत ओआहाका राज्यातल्या वाउत्ला या डोंगरी गावात मारिया साबिना ही माझातेक या आदिवासी जमातीतली बाई आजारी माणसासाठी रात्रभर जागून, मंत्र गात अळंबीचा विधी करत असे. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकर त्या विधीला बसला आणि १९५७ मध्ये त्याने 'लाइफ' साप्ताहिकात त्याविषयी लिहिले. वर्षभरात आल्बर्ट हॉफमन यांनी अळंबीतले सायलोसायबिन वेगळे काढले. तिकडे गावात परक्यांची रीघ लागली, पोलीस आले, गावकरी तिच्यावर उलटले आणि तिचे घर जाळले गेले. काही केंद्रांत भिंतीवर तिचे चित्र असते. मी माझ्या खोलीत ते लावत नाही. ज्या बाईचे घर या व्यवहारात जळले तिला शोभेला टांगणे मला बरे वाटत नाही.

आता त्या गृहस्थांच्या दुःखाविषयी. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात चार दिवसांत गेले. यांनी तिकीट काढेपर्यंत सगळे आटोपले होते. अंगभर किट घातलेल्या नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी अग्नी दिला आणि थोरल्या बहिणीने फाटकाबाहेरून ते पाहिले. दहाव्याला तासभर वाट पाहूनही पिंडाला कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावे लागले, हे बहिणीने फोनवर सांगितले आणि तेव्हापासून या गृहस्थांची झोप गेली. "माझा विश्वास नाही हो ताई यावर," ते म्हणाले, "पण विश्वास नसून उपयोग काय?"

सत्राच्या दिवशी ते सकाळी नऊला आले. रक्तदाब मोजला, घरी न्यायला कोण येणार ते पुन्हा नोंदवले, आणि स्पर्शाचा कागद पुन्हा एकदा वाचून दाखवला, कारण हातावर किंवा खांद्यावर आधारासाठी हात ठेवायचा झाला तरी त्याची लेखी संमती आधी हवी असते. पंचवीस मिलिग्रॅम सायलोसायबिन भरेल एवढी वाळलेल्या अळंबीची भुकटी त्यांनी कोमट पाण्यात कालवून घेतली आणि तोंड वाकडे करत म्हणाले, "ओल्या सतरंजीचा वास येतोय." मी स्पीकरवर तंबोऱ्याचे सूर लावले. आमच्या मिरजेत तंबोरे घडतात, त्यामुळे या निवडीत माझा थोडा पक्षपात होता हे मान्य करते.

शरीरात गेल्यावर सायलोसायबिनचे सायलोसिन होते आणि ते मेंदूत सेरोटोनिन हे रसायन जिथे चिकटते त्या ग्राहींना जाऊन चिकटते. अर्ध्या-पाऊण तासात माणूस बदलू लागतो. यांना आधी मळमळले, मग थंडी वाजली, मी दुसरे पांघरूण घातले. डोळ्यांवर पट्टी बांधून ते कुशीवर पडले होते. दीड तासाच्या सुमारास त्यांच्या घशातून एक आवाज आला आणि ते रडू लागले. छप्पन्न वर्षांचा माणूस "नाना, नाना" म्हणत इतक्या मोठ्याने रडत होता की शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशी मला धास्ती वाटली.

आणि माझ्या तोंडून निघून गेले, "दादा, रडू नका."

त्याच क्षणी ते थांबले. पट्टी काढली, मांडी घालून बसले, बाहीने तोंड पुसले आणि चांगल्या वळणाच्या मुलासारखे "सॉरी" म्हणाले. पुढची वीस मिनिटे ते भिंतीकडे पाहत राहिले आणि मी माझ्या हातांकडे.

इंग्रजीत बोलणाऱ्या ग्राहकांसमोर ही चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती. मार्ग दाखवायचा नाही, अर्थ लावायचा नाही, भावना आवरायला लावायची नाही, हे सगळे मी इंग्रजीत शिकले आणि इंग्रजीत ते मला सहज पाळता येते, कारण त्या भाषेत मी कोणाची आई, बहीण किंवा आत्या नाही. मराठीत मात्र ताई म्हटले की मी ताई होते, आणि ताई पहिल्यांदा डोळे पुसते. 'रडू नका' हे आपल्याकडे सांत्वन समजले जाते. पाच वर्षे अडकलेले रडू त्यानेच पुन्हा अडवले जाते, हे मला इतक्या जवळून कधी दिसले नव्हते. थोड्या वेळाने मी म्हणाले, "मघाशी मी बोलायला नको होतं. चूक माझी." त्यांनी मान हलवली. ऐकले की नाही, कोण जाणे.

मग त्यांनी भिंतीकडे पाहतच विचारले, "ताई, नानांना शेवटचं पाणी कोणी पाजलं असेल?"

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते, हीच अडचण होती. मिरजेत रात्रपाळीला असताना, नातेवाईक पोहोचण्याआधी माणूस जाऊ लागला की मी कापसाचा बोळा भिजवून त्याचे ओठ ओले करत असे. आवारातल्या तुळशीचे पानही कितीदा तरी ठेवले आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, सगळ्याच जणी करत असू. "पाजलं असणार, दादा, आम्ही पाजतोच," एवढेच म्हणायचे होते. पण नाना गेले त्या वॉर्डात मी नव्हते. तिथे एका परिचारिकेकडे किती खाटा होत्या, हातमोजे काढायला तरी तिला सवड होती का, मला ठाऊक नाही. शिवाय या अवस्थेत मन इतके मऊ झालेले असते की सोबत बसणाऱ्याने टाकलेला शब्द त्यावर ठशासारखा उमटतो आणि मग तो आपला की दुसऱ्याचा, हे माणसाला सांगता येत नाही. मी म्हणाले, "मी इथेच आहे." एवढ्यासाठी नियमात जागा आहे.

त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, तिसऱ्यांदाही विचारला, आणि प्रत्येक वेळी मी तेच उत्तर दिले. खिडकीबाहेर कावळे ओरडत होते. पोर्टलंडमध्ये हिवाळ्यात संध्याकाळी ते हजारोंनी शहरात उतरतात, पण काही दुपारीच येऊन बसतात. दहाव्याची गोष्ट ऐकलेली असल्यामुळे माझे लक्ष सारखे तिकडे जात होते. त्यांनी मात्र कावळ्यांकडे एकदाही पाहिले नाही.

ते पाहत होते तिपाईवरच्या पाण्याच्या पेल्याकडे. बऱ्याच वेळाने त्यांनी तो उचलला. मला वाटले पितील. त्यांनी उशी मांडीजवळ ओढली, तिच्यावरची सुरकुती तळहाताने सारखी केली, उजव्या हाताची दोन बोटे पेल्यात बुडवली आणि डोके ठेवल्यावर जिथे तोंड आले असते तिथे थेंब पडू दिले. "घ्या, नाना." बोटे पुन्हा बुडवली. तिसऱ्या वेळी बोटांऐवजी ओंजळीतच पाणी घेतले, तेव्हा अभ्र्यावर बशीएवढा ओला डाग पसरला. मी उठून फक्त स्पीकरची वायर बाजूला घेतली. त्यानंतर ते त्या ओल्या उशीशेजारी, तिला धक्का लागणार नाही अशा बेताने आडवे झाले आणि पुन्हा रडू लागले. या वेळी मी तोंड उघडले नाही. ते रडणे चाळीस मिनिटे चालले, आणि शेजारी ऐकू जाईल हा विचार माझ्या मनात आला नाही.

दुपारी साडेतीनला त्यांना भूक लागली. केळे खाल्ले, चहा मागितला, मुलगा गाडी घेऊन आला. ते गेल्यावर मी सत्राची नोंद लिहायला बसले. मात्रा, वेळा, रक्तदाब, मळमळ, हे सगळे झाल्यावर खोलीतल्या घटनांच्या रकान्यात मी इंग्रजीत लिहिले: ग्राहकाने उशीवर पाणी सांडले, इजा नाही. नोंदीत अर्थ लावायचा नसतो, तेव्हा हेच बरोबर आहे, असे मी स्वतःला समजावले.

नऊ दिवसांनी ते पुढच्या भेटीला आले. चमत्कार झाला असे त्यांनी सांगितले नाही आणि मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती. झोप अजून तुटते, म्हणाले, पण जाग आल्यावर आधी कावळा आठवायचा, आता उशी आठवते. बहिणीला फोन करून त्या दिवसांविषयी पहिल्यांदा तासभर बोलले होते. त्यात भांडणही झाले, कारण चार दिवस ती एकटी धावत होती आणि हे तिकडे सुखात होते, असे तिला पाच वर्षे वाटत होते. पुढे काय करायचे ते त्यांना अजून ठरवता आलेले नव्हते. इथल्या एका शोक-समुपदेशिकेचा क्रमांक त्यांनी माझ्याकडून घेतला.

मग त्यांनी आपली नोंद पाहायला मागितली. तो त्यांचा हक्क आहे, मी कागद पुढे केला. चष्मा लावून अभियंत्याच्या सवयीने ते एकेक ओळ वाचत गेले आणि उशीच्या ओळीवर बोट ठेवून थांबले.

"स्पिल्ड नाही, ताई."

"मग काय लिहू?"

त्यांनी थोडा विचार केला आणि एक शब्द सांगितला. चुकलेला शब्द गिरवून झाकायचा नाही, वाचता येईल असाच ठेवायचा, ही परिचारिकेची जुनी शिस्त आहे. 'स्पिल्ड'वर मी एकच रेघ ओढली, वर 'गेव्ह' लिहिले, आणि बाजूला तारीख घालून सही केली.